ओटा गेला, कुत्रं राहिलं

कुत्र्याचं पिल्लू फुकट आहे म्हटल्यावर नाशिककर पहिला प्रश्न विचारतो, "घरपोच मिळेल का?" दुसरा प्रश्न, "लॅब आहे का?" नाही, गावठी आहे असं सांगितलं की पलीकडचा आवाज एकदम जबाबदार होतो. "घरच्यांना विचारून सांगतो." हे घरचे कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. त्यांनी कधी होकार दिल्याचंही ऐकिवात नाही.

हे फोन मला येतात ते आमच्या मजल्यावरच्या मुलीमुळे. ती फिजिओथेरपी शिकते आणि उरलेल्या वेळात गाडीखाली आलेली, गटारात पडलेली, कुणीतरी पोत्यात भरून सोडलेली कुत्री उचलून आणते. शहरात अशी बरीच तरुण मंडळी आहेत. त्यांच्या सॅकमध्ये वह्या कमी आणि पारले-जी, जंताचं औषध, बँडेज आणि एक जुना टॉवेल जास्त असतो. तिचा फोन लेक्चरला बंद आणि माझा, निवृत्त माणसाचा, सदैव चालू. त्यामुळे "काका, तुमचाच नंबर टाकते" असं म्हणून तिने तो टाकलाही. मजकूर लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. बँकेत असताना मी थकबाकीदारांना पत्रं लिहायचो. आता "खेळकर, समजूतदार, माणसाळलेली" असं लिहितो. दोन्ही प्रकारच्या मजकुरांना उत्तर न येण्याचं प्रमाण साधारण सारखंच आहे.

भाद्रपदात कुत्र्यांचं जे काही चालतं त्याचा हिशेब कार्तिकात लागतो. मधले साधारण 63 दिवस कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मग ऐन थंडीत, निफाडचं तापमान रोज पेपरात झळकायला लागतं त्या सुमाराला, शहरभर आडोशाआडोशाला पिल्लं दिसू लागतात. मखमलाबाद रस्त्याला एका मिसळवाल्याच्या भट्टीमागे, ताडपत्रीखाली, अशी चार सापडली. आई दिसेना. मुलीने चौघांना खोक्यात घालून आणलं आणि जागेला स्मरून नावं ठेवली. तांबूस तो तर्री, गव्हाळ तो पाव, पांढरा तो कांदा आणि काळी ती मसाला.

कांदा दुसऱ्याच दिवशी गेला. पांढरं पिल्लू फोटोत उठून दिसतं. पाव इंदिरानगरला गेला, तर्री नाशिकरोडला. मसाला राहिली. पोट जंतांनी टम्म, मागचे पाय त्या पोटाच्या तयारीचे नाहीत, छातीवर एकच पांढरा ठिपका. पाणी प्यायची ती पुढचा एक पाय वाटीत ठेवूनच. पाय काढला तर वाटी पळून जाईल असा तिचा पक्का समज होता. पाणी पिऊन झालं की तो ओला पाय झटकत झटकत ती माझ्या चपलेपर्यंत यायची आणि हनुवटी चपलेवर टेकून झोपायची. हे सगळं मजकुरात कसं बसवायचं? मोबाइलच्या फोटोत तर काळ्या पिल्लाचा नुसता काळा डाग येतो आणि त्यात दोन डोळे चमकतात.

त्यात ती मादी. "मेल नाही का?" हा प्रश्न नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत एकाच सुरात विचारला जात असावा. मादी माजावर येणार, गल्लीतले नर दाराशी जमणार, मग पिल्लं. तिची शस्त्रक्रिया होते, पालिकाही करते, संस्थाही करतात, आम्हीही करून देतो, असं सांगितलं तर समोरच्याला एकदम तिची दया येते. "नको हो, बिचारीला कशाला त्रास!" बिचारीला रस्त्यावर ठेवण्याला मात्र कुणाची हरकत नसते.

काळ्या रंगाला गिऱ्हाईक एकदाच आलं. त्र्यंबक रस्त्यावरून एका गृहस्थांचा फोन आला. शनीचं काहीतरी निघालं होतं आणि ज्योतिषांनी काळं कुत्रं पाळायला सांगितलं होतं. आवाज सज्जन होता. मी खूश. मग त्यांनी विचारलं, "पूर्ण काळी आहे ना?" मी खरं ते सांगितलं, छातीवर एक ठिपका आहे. ते म्हणाले, "मग नाही चालणार." म्हणजे बाकी सगळ्यांना जी फार काळी वाटत होती, ती नेमकी शनीला कमी पडली. तेच गृहस्थ नंतर एका शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन आमच्या इमारतीखाली आले होते, असं वॉचमनने सांगितलं. पोळीला ठिपका चालत असावा.

यावरून मी बराच विचार केला. कुत्र्याचं पोट भरायची व्यवस्था आपल्या धर्माने किती चोख करून ठेवली आहे! श्राद्धाच्या पानात गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढतात. पितृपक्षात रामकुंडाच्या आसपासची कुत्री पाहावीत, अंगावर तुकतुकी असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पण नीट पाहिलं तर हा सगळा आदर उंबऱ्याच्या बाहेरचा आहे. वाटा पानावरून उचलून बाहेर ठेवायचा. नामदेवही बाहेर धावले. कुत्र्याला आत बोलावून तूप वाढल्याचं कुणी सांगत नाही. घरात चार कुत्री चालतात ती फक्त तसबिरीत.

महाभारतासारख्या ग्रंथातही हा प्रश्न सुटलेला नाही. आदिपर्वात, जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी, एका पिल्लाला विनाकारण मार बसतो आणि त्याची आई सरमा थेट राजाला जाब विचारायला येते. शेवटाकडे स्वर्गाच्या दारात युधिष्ठिर अडून बसतो, कुत्रा आत येणार नसेल तर मीही येत नाही म्हणून. इंद्र सांगतो, कुत्रेवाल्यांना इथे जागा नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अगदी याच आवाजात बोलतात. आता इथे काहीतरी ठरावं, नियम बदलावा, तर तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्मच निघतो. सगळे खूश. पण माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाच्या नजरेला एक गोष्ट खटकते. नियम बदललाच नाही! कुत्रा कुत्रा नव्हता असं निघाल्यामुळे प्रकरण मिटलं. खरा कुत्रा असता तर काय झालं असतं, याची नोंद व्यासांनी ठेवलेली नाही. आमच्याकडचं एकही पिल्लू आजवर शेवटच्या क्षणी धर्मराज निघालेलं नाही.

मेल्यावर तरी हक्काची जागा मिळावी, तर तेही नाही. रायगडावर चौथऱ्यावर पुतळा होऊन बसलेल्या, शिवाजी महाराजांचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वाघ्या कुत्र्याला 2012 मध्ये एकदा खाली उतरवलं, पुन्हा बसवलं आणि 2025 मध्ये परत हलवायची मागणी झाली. इतिहासाचा वाद इतिहासकारांनी लढावा. मला आपली त्या पुतळ्यातल्या कुत्र्याची भाडेकरूसारखी अवस्था दिसते.

माझं म्हणणं असं आहे की कुत्र्याला आपल्याकडे पूर्ण घर कधी नव्हतंच. अर्धं होतं. जुन्या नाशकात, भद्रकाली-पंचवटीकडच्या वाड्यांना ओटे होते, ओसऱ्या होत्या, बोळ होते. सिडकोने 'नवीन नाशिक' बांधलं तेव्हा त्या छोट्या घरांनाही पुढे हातभर ओटा होता. या जागा धड घरात नाहीत, धड रस्त्यावर नाहीत. कुत्रं तिथलं. सकाळची भाकरी एका दारात, दुपारची झोप दुसऱ्याच्या पायरीवर, नाव तिसऱ्याच्या पोराने ठेवलेलं. हे कुणाचं, असं कुणी विचारत नसे. चोर आला की सगळ्यांचं, चावलं की कुणाचंच नाही. आता ओट्याच्या जागी स्कूटर उभी असते, स्कूटरच्या वर गॅलरी आली आणि गॅलरीला ग्रिल बसली. फ्लॅटच्या दाराला दोनच बाजू असतात. आत घ्यायचं तर अंथरुणापर्यंत घ्यावं लागतं आणि बाहेर म्हणजे थेट रस्ता. अर्धं प्रेम करायची सोयच राहिली नाही.

त्या ओट्याचं फार कौतुक करू नये, हेही खरं. त्या कुत्र्यांना लस कुणी टोचत नसे. पिसाळलेलं कुत्रं गल्लीत शिरलं की आयाबाया पोरांना ओढून दारं लावत. 2001 चे कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम येईपर्यंत बऱ्याच पालिका कुत्री पकडून मारत असत आणि त्या दिवशी भाकरी घालणारी तिन्ही घरं गप्प बसत. आजही ज्याच्या पोराला कुत्रं चावलं त्याच्यापुढे भूतदयेचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली भटकी कुत्री 12 लाख 76 हजारांच्या घरात होती. इतक्या जिवांना घरं शोधून देता येतील असं मला किंवा त्या मुलीलाही वाटत नाही. कानाला खाच पाडलेलं, म्हणजे नसबंदी झालेलं कुत्रं दिसलं की ती अर्धं काम झालं म्हणते. उरलेल्या अर्ध्यासाठी माझा फोन वाजतो.

कायदा मात्र एकेका अर्ध्याचा पूर्ण विचार करतो. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं. नसबंदी आणि लस झाली की जिथून उचललं तिथेच सोडा, फक्त पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका. ज्यांना प्रेम आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, मात्र घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. नोव्हेंबरात पुढचा आदेश आला. शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका. कारणं समजण्यासारखी आहेत. पण एसटी स्टँड हा आपल्या गावांचा शेवटचा मोठा ओटा होता. कंडक्टरच्या डब्यातली चतकोर पोळी, कँटीनमागची सावली, रात्रीच्या मुक्कामी गाडीखालची ऊब, एवढ्यावर तिथलं एकेक कुत्रं म्हातारं होई.

घर असलेल्यांनी कुत्रं सोडून दिलं तर काय, तेही कायद्यात आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11 पाहा. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडला तर पहिल्या गुन्ह्याला किमान 10 आणि जास्तीत जास्त 50 रुपये दंड. 50 रुपयांत आज नाशकात मिसळसुद्धा येत नाही. त्यामुळे गंगापूर धरणाच्या रस्त्याला गळ्यात महागडा पट्टा असलेला लॅब्राडोर येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या काचेकडे बघत उभा दिसतो, याचं नवल वाटायला नको. लॉकडाऊनमध्ये हौसेने आणलेली हस्की तर चाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये कशी जगतात, ते त्यांच्या डॉक्टरांनाच ठाऊक. गंमत म्हणजे अशा टाकलेल्या जातिवंत कुत्र्याची पोस्ट टाकली की फोन थांबत नाहीत. तेव्हा घरचे लगेच विचारायला सापडतात.

मुलगीही काही कमी नाही. तिचा फॉर्म दोन पानी आहे. घर स्वतःचं की भाड्याचं? घरमालकाची परवानगी आहे का? गॅलरीला जाळी? गावाला गेल्यावर कोण सांभाळणार? घरातल्या मुलामुलीचं लग्न झालं, बदली झाली, बाळ झालं तर कुत्र्याचं काय? कॉलेज रोडचे एक वडील तो वाचून वैतागले. "माझ्या मुलीचं स्थळ पाहताना एवढी चौकशी केली नव्हती!" त्यावर ती शांतपणे म्हणाली, "करायला हवी होती, काका." तो फॉर्म अर्थातच परत आला नाही. एका बंगल्याला तिने स्वतः नकार दिला. भिंतीत साखळीसाठी खिळा ठोकून ठेवला होता आणि खिळ्याखाली फरशी झिजलेली होती, एवढ्यावरून. मला तेव्हा हे अती वाटलं होतं. बंगला होता, माणसं बरी होती. ती म्हणाली, "काका, फरशी किती गोल झिजली होती ते पाहिलंत ना?" मी पाहिलं नव्हतं.

आणि सोसायट्या! प्राणी कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 ला परिपत्रक काढून सांगितलं आहे की सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. हे परिपत्रक मी छापून खिशात ठेवतो. सेक्रेटरींना दाखवलं की ते आदराने वाचतात, घडी घालून परत देतात आणि म्हणतात, "तरीपण मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल." 1832 मध्ये मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी मंडळींनी बाजार बंद पाडून दंगल केली होती. कुत्र्यासाठी दंगल करणं एक वेळ सोपं, सोसायटीची मीटिंग अवघड.

परदेशातली माणसं मात्र वेगळीच. वाराणसीतली जया नावाची गल्लीतली कुत्री 2023 मध्ये पासपोर्ट काढून अ‍ॅमस्टरडॅमला गेली. ही बातमी मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तीन अंगठे आले आणि एकाने विचारलं, व्हिसाला किती दिवस लागले. त्याचा मुलगा प्रयत्नात होता.

राहता राहिला मळा. नाशकात कुत्र्याचं काही जमेना की शेवटी कुणीतरी म्हणतंच, "आमच्या मळ्यात सोडून द्या की." दिंडोरी, निफाड, पिंपळगाव, सगळीकडे द्राक्षबागा, मोकळी हवा, धावायला जागा. ऐकायला स्वर्ग. पण या स्वर्गात बिबट्या आहे. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. 2014 मध्ये 'ऑरिक्स' या नियतकालिकात तो अभ्यास आला. बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्यात वजनाने सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे गावकऱ्याने कुत्र्याला घातलेली भाकरी शेवटी कुणाच्या अंगी लागते, ते उघड आहे. बरं, शहर तरी सुरक्षित म्हणावं, तर 2019 च्या जानेवारीत बिबट्या गंगापूर रोडच्या सावरकरनगरात दिवसाढवळ्या येऊन माणसांवर धावून गेला होता.

म्हणून दिंडोरीकडच्या एका बागाईतदाराने मसालासाठी फोन केला तेव्हा मुलगी म्हणाली, आधी जागा पाहू. मसाला तोवर चांगली मोठी झाली होती. तीन-चार महिन्यांचं कुत्रं म्हणजे 'पिल्लू' म्हणवून घ्यायची मुदत संपत आलेली. आम्ही गेलो. द्राक्षांची छाटणी केव्हाच होऊन मणी भरत होते, सगळीकडे फवारणीचा वास. घरापुढे काय होतं? ओटा. शेणाने सारवलेला, लांबरुंद, उन्हात गरम झालेला. मला भरून आलं. मी मुलीला हळूच म्हटलं, बघ, अशी जागा असते कुत्र्याची.

मुलीने आजींना विचारलं, "रात्री कुठे झोपेल?"

"आत."

"आत म्हणजे गोठ्यात?"

"गोठ्यात वासरू आहे. आत म्हणजे घरात गं बाई." आजींनी मग ओट्याच्या कडेकडे बोट केलं. "आमचा मोती इथंच निजायचा. मागल्या साली नेला त्याने. आवाजसुद्धा नाही झाला. सकाळी पट्टा तेवढा सापडला खाली. तवापासून कुत्रं रात्री आत. त्याच्या मायेने नाही हो, कुत्र्याच्या वासाने तो दारापर्यंत येतो आणि दारात नातवंडं."

माझा सगळा सिद्धान्त त्या ओट्यावर आडवा झाला. कोर्टाला जमलं नाही, परिपत्रकाला जमलं नाही, नामदेवांच्या गोष्टीला जमलं नाही, ते बिबट्याने करून दाखवलं होतं. दिंडोरी तालुक्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत घेतलं होतं. मुलीने फॉर्मवर जागच्या जागी सही घेतली. खिळा, साखळी, झिजलेली फरशी, काही काही नव्हतं.

परवा त्या घरच्या मुलाचा फोन आला. तक्रार होती. राखणीला म्हणून आणलेली मसाला अंधार पडायच्या आत आजींच्या कॉटखाली जाऊन बसते आणि पहाटेपर्यंत घोरते. बाहेर पान हललं तरी ती ओरडत नाही. उलट आजीच उठून तिला विचारतात, काय झालं गं? तिला बाहेर काढायचा विषय काढला की आजी म्हणतात, ओरडायचंच असेल तर तुम्ही ओरडा. तेव्हा त्यांना आता आणखी एक कुत्रं हवं आहे, मोठं, दांडगं, राखण करणारं. आमच्याकडे द्वारका सर्कलजवळ सापडलेला एक तीन पायांचा कुत्रा आहे. दांडगा म्हणता येईल, बाकी फार काही म्हणता येणार नाही. त्याचा फोटो पाठवला. मुलीने नेहमीचा फॉर्मही पाठवला. तो संध्याकाळीच भरून आला. 'रात्री कुठे झोपेल?' या रकान्यात लिहिलं होतं, 'कॉटखाली जागा नाही. कॉटवर बघू.'